अपघात, दावा आणि विम्याचा हप्ता

गाडीला अपघात झाला की पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती पूर्णपणे खोटी नाही आणि पूर्णपणे खरीही नाही. या अर्धवट माहितीमुळे चांगली सुशिक्षित माणसेही दोन परस्परविरुद्ध चुका करताना दिसतात. बंपरला ओरखडा पडला तरी ‘विमा आहेच’ म्हणून दावा दाखल करायचा आणि मिळालेल्या रकमेहून अधिक रक्कम पुढील काही वर्षांत हप्त्याच्या रूपाने कंपनीला परत करायची, ही पहिली चूक. रस्त्यावर एखादा माणूस जखमी झाला, तर ‘बोनस जाईल, उगाच कटकट वाढेल’ या भीतीने कंपनीला न कळवता परस्पर काही पैसे देऊन मोकळे व्हायचे, ही दुसरी. पहिल्या चुकीत काही हजार रुपये जातात. दुसरीत जखमीच्या कुटुंबाचा हक्क आणि आपली आयुष्यभराची शिल्लक, या दोन्ही गोष्टी पणाला लागतात.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मुलांच्या वॉर्डात ताप, जुलाब आणि न्यूमोनिया यांच्या जोडीने रस्त्यावरील अपघातात जखमी झालेली मुलेही येतात, आणि पहिल्या काही तासांची धावपळ ओसरली की त्यांचे आईवडील हमखास विम्याविषयी विचारतात. शिवाय आपल्या बडोदेकर मराठी समाजात आज बहुतेक घरी एक तरी चारचाकी आहे आणि डॉक्टरांना तर रात्रीबेरात्री गाडी काढावीच लागते. दरवर्षी आपण विम्याचा हप्ता भरतो, पॉलिसीचा कागद गाडीच्या खणात ठेवतो आणि विसरतो. तो कागद एकदा नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका पॉलिसीत दोन विमे

ज्याला आपण सर्वसमावेशक पॉलिसी म्हणतो, तिच्यात वस्तुतः दोन स्वतंत्र विमे असतात. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे बोलण्यातला थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाचा मृत्यू झाला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई हा विमा करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. ही सक्ती तशी जुनी आहे. १९३९ च्या कायद्यातील विम्याविषयीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले, तेव्हापासून ती चालत आली आहे. दुसरा विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. तो ऐच्छिक असतो. यांखेरीज मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याची रक्कम २०१८ पासून १५ लाख रुपये करण्यात आली.

या दोन विम्यांचे हप्ते ठरवण्याच्या पद्धती अगदी भिन्न आहेत. तृतीय पक्षाचा हप्ता कंपनी ठरवत नाही. केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून तो अधिसूचनेद्वारे जाहीर करते. खाजगी मोटारीसाठी तो केवळ इंजिनाच्या घनक्षमतेवर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला ७,८९७ रुपये असा हा हप्ता ठरला. आपण मुलांना औषधाचा डोस वजनावरून देतो, तसाच हा प्रकार. यात चालकाचे वय, अनुभव, पूर्वीचे अपघात यांपैकी काहीही पाहिले जात नाही. वीस वर्षे निर्दोष गाडी चालवणारा आणि वर्षात तीनदा धडकणारा, दोघेही सारखाच हप्ता भरतात.

मग अपघातांचा या हप्त्यावर परिणाम होतच नाही का? होतो; पण तो एकेकट्याच्या नावावर न पडता सर्वांवर मिळून पडतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. विमा कंपन्यांना जी नुकसानभरपाई द्यावी लागते, तिचा एकूण भार पाहून या दरांचा विचार होतो. म्हणजे दुसऱ्याच्या बेदरकारपणाचा खर्च आपण आणि आपल्या बेदरकारपणाचा खर्च दुसरे, असे सर्वजण मिळून उचलत असतात.

ओन डॅमेजचा हप्ता मात्र कंपनी ठरवते. १ जानेवारी २००७ पूर्वी हे दरही सर्व कंपन्यांना एकच होते. त्या दिवसापासून कंपन्यांना दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले. गाडीची घोषित किंमत, तिचे वय, इंजिन, नोंदणीचे शहर आणि कंपनीचा आपला अनुभव यांवरून हा हप्ता निघतो. घोषित किंमत म्हणजे कंपन्या जिला आयडीव्ही म्हणतात ती. गाडी जुनी होत जाते तशी ती दरवर्षी घटते. अपघाताचा हप्त्यावर जो परिणाम आपल्याला प्रत्यक्ष जाणवतो, तो याच भागात असतो आणि तो मुख्यतः एकाच वाटेने येतो. ती वाट म्हणजे नो क्लेम बोनस.

नो क्लेम बोनसचे गणित

ज्या वर्षी आपण ओन डॅमेजचा एकही दावा करत नाही, त्या वर्षाच्या अखेरीस नूतनीकरण करताना या भागाच्या हप्त्यात सवलत मिळते. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, सलग दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५ आणि पाचव्यानंतर ५० टक्के. त्यापुढे ती वाढत नाही. एक जरी दावा केला तरी पुढील नूतनीकरणाच्या वेळी ही सवलत एकदम शून्यावर येते आणि शिडी पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावी लागते. दावा पाच हजारांचा असो वा पाच लाखांचा, घसरण तेवढीच.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, १,२०० सीसीच्या एका गाडीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालकाने पाच वर्षांत दावा न केल्यामुळे त्याला ५० टक्के बोनस मिळतो. तो ओन डॅमेजचे ६,००० आणि तृतीय पक्षाचे ३,४१६, असे एकूण ९,४१६ रुपये भरतो. कर आणि इतर जोड-कवचे वेगळी. या वर्षी त्याने एक दावा केला, तर पुढच्या वर्षी हीच रक्कम १५,४१६ होईल. हप्ता वाढला असे आपण म्हणतो, परंतु मूळ दर होता तोच आहे. सवलत तेवढी गेली.

बहुतेकांचा हिशेब येथेच थांबतो. खरे नुकसान एका वर्षाचे नसते. दावा केला नसता, तर दरवर्षी ५० टक्के सवलत मिळत राहिली असती. दावा केल्यावर ती पुढील पाच नूतनीकरणांना अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के मिळेल. म्हणजे पहिल्या वर्षी ५० टक्क्यांचे नुकसान, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २५, चौथ्या वर्षी १५ आणि पाचव्या वर्षी ५. एकूण बेरीज १२५ टक्के. मूळ हप्ता १२,००० रुपये स्थिर धरला तर ही रक्कम १५,००० रुपये होते. गाडीची किंमत घटत गेल्याने मूळ हप्ताही कमी होत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा काहीसा कमी येईल; पण अंदाजाला हे गणित पुरेसे आहे.

ज्याचा बोनस आज २० टक्के आहे, त्याचे हेच नुकसान मूळ वार्षिक हप्त्याच्या ८० टक्के भरते. नव्या गाडीच्या पहिल्याच वर्षी दावा केला, तर ५० टक्के. ज्याची गाडी जितकी वर्षे बिनदाव्याची, त्याला किरकोळ दावा तितका महाग पडतो.

आता दुसरी बाजू पाहू. दाव्यातून हाती किती येते? गॅरेजचे बिल जेवढे, तेवढी रक्कम कंपनी देत नाही. रबर, प्लास्टिक, नायलॉनचे भाग आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा असतो: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, एक ते दोन वर्षांच्या गाडीला १० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ती १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये.

वरील गाडीचा पुढचा बंपर फुटला आणि बिल १२,००० रुपये झाले असे समजा. त्यात प्लास्टिकचा बंपर ८,००० चा आणि मजुरी ४,००० ची. बंपरचे निम्मे, म्हणजे ४,००० आणि मजुरीचे ४,००० मिळून झाले ८,०००. त्यातून १,००० वजा जाता हाती आले ७,०००. रंगाच्या साहित्यावरही घसारा धरतात. तो हिशेब येथे सोडून दिला आहे. या ७,००० रुपयांसाठी मालकाने पुढील पाच वर्षांत मिळून १५,००० रुपयांच्या घरातील सवलत गमावली. हेच बिल ८०,००० चे असते, तर दावा करणेच शहाणपणाचे ठरले असते. दावा करावा की नाही याचा निर्णय रागाने वा गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने न घेता, हाती येणारी रक्कम आणि जाणारा बोनस यांची तुलना करून घ्यावा.

घसारा न कापणारे ‘झिरो डेप्रिसिएशन’ आणि एखाददुसरा दावा होऊनही बोनस शाबूत ठेवणारे ‘एनसीबी संरक्षण’ अशी जोड-कवचे जादा हप्ता भरून मिळतात. नवी गाडी, दाट रहदारी आणि रोजचा प्रवास असेल तर ती उपयोगी पडतात. मात्र एनसीबी संरक्षण असले तरी वारंवार दावे करणाऱ्याला कंपनी मूळ दरातच पूर्वीइतकी सूट देईल याची हमी नसते, कारण २००७ पासून तो दर कंपनीच्याच हाती आहे.

चूक कोणाची, हा प्रश्न येथे गौण आहे

आपल्या पद्धतीतील एक गोष्ट अनेकांना अन्यायाची वाटते. गाडी सिग्नलला उभी असताना मागून कोणी धडकले, किंवा घरासमोर उभ्या केलेल्या गाडीला रात्री कोणी ठोकरून गेले, तर आपला दोष काहीच नसतो. तरीही दुरुस्तीसाठी आपण आपल्याच कंपनीकडे दावा केला की बोनस जातो. बोनसचे नाव ‘नो क्लेम’ आहे, ‘नो फॉल्ट’ नव्हे. दोषी वाहनाच्या कंपनीकडून भरपाई मागण्याचा मार्ग कायद्याने खुला आहे. खाजगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्यात मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतची तरतूद असते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि डाव्या दरवाजाच्या पोचासाठी तेवढा वेळ कोणाला असतो?

बडोदेकरांना याचा अनुभव अपघाताविनाही आला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांतील कित्येक गाड्या तळमजल्यावर आणि तळघरात पाण्याखाली गेल्या. पूर हा कोणाचाच दोष नव्हता. तरीही पुराचा दावा हा ओन डॅमेजचाच दावा असतो आणि त्यानेही बोनस जातो. अशा वेळी रक्कम मोठी असल्याने दावा करणेच योग्य. मात्र पाण्यात बुडालेली गाडी घाईने सुरू करून पाहिली आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर ते परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाऊ शकते. गाडी सुरू न करता ओढून गॅरेजला न्यावी आणि आपल्यासारख्या नदीकाठच्या शहरात इंजिन संरक्षणाचे जोड-कवच घ्यावे.

परदेशी असलेल्या मुलांकडून आपण वेगळेच ऐकतो, त्याचे कारण तेथील हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे असले तरी साधारणपणे चूक ज्याची ठरते, त्याचा हप्ता पुढील तीन ते पाच वर्षे वाढतो. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी संमत केलेल्या कायद्यानुसार हप्ता ठरवताना सर्वांत अधिक महत्त्व चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला, त्यानंतर वर्षभरात चालवलेल्या मैलांना आणि त्यानंतर अनुभवाच्या वर्षांना द्यावे लागते. फ्रान्समध्ये प्रत्येक चालकाचा एक गुणांक असतो. तो १ पासून सुरू होतो, निर्दोष वर्षानंतर ५ टक्क्यांनी उतरतो आणि पूर्ण चूक असलेल्या प्रत्येक अपघातामागे २५ टक्क्यांनी चढतो. त्याची खालची मर्यादा ०.५० आणि वरची ३.५० आहे. म्हणजे तेथे हप्ता खरोखरच मूळ दराच्या वर जातो. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतुकीच्या नियमभंगाशी हप्ता जोडण्याची सूचना केली, आणि जुलै २०२२ मध्ये गाडी किती व कशी चालवली जाते यावर आधारित जोड-कवचे विकण्यास कंपन्यांना परवानगी मिळाली. दिशा तीच असली, तरी आपल्या हप्त्याचा मुख्य आधार अजून दावा हाच आहे.

माणूस जखमी झाला तर

येथवर जे गणित मांडले ते पत्र्याचे आणि प्लास्टिकचे. माणूस जखमी होतो तेव्हा हे गणित बाजूला ठेवले पाहिजे, आणि तसे करताना आपले आर्थिक नुकसानही होत नाही. केवळ तृतीय पक्षाचा दावा झाला असेल, तर ओन डॅमेजचा बोनस जात नाही. आणि तृतीय पक्षाचा हप्ता तर सरकारने ठरवलेला, तो आपल्या नावावरील अपघाताने वाढत नाही. म्हणजे ज्या भीतीने लोक गप्प राहतात, त्या भीतीला आधारच नाही.

उलट गप्प राहण्याची किंमत फार मोठी असते. पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, कोणतेही आश्वासन देऊ नये आणि पैसे देऊन तडजोड करू नये. आपण परस्पर दहा-वीस हजार दिले म्हणून त्या जखमीचा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क संपत नाही. आपली कंपनीकडची बाजू मात्र दुबळी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना माहिती देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे ही चालकाची कर्तव्ये आहेत.

भरपाईची रक्कम किती होऊ शकते याची कल्पना असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी तिची रीत ठरवून दिली आहे. समजा, स्वतःचा छोटा व्यवसाय करून महिना २५,००० रुपये मिळवणारा ३० वर्षांचा तरुण अपघातात दगावला आणि त्याच्यावर तिघे अवलंबून आहेत. वार्षिक उत्पन्न ३ लाख. भविष्यातील वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवून ४ लाख २० हजार. स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा जाता २ लाख ८० हजार. त्या वयाचा गुणक १७. गुणाकार येतो ४७ लाख ६० हजार रुपये, आणि इतर शीर्षकांखालील रक्कम त्याहून वेगळी. मृत्यू आणि इजा यांसाठी तृतीय पक्ष विम्याची जबाबदारी अमर्याद असते, म्हणून वर्षाला ३,४१६ रुपये भरणाऱ्याच्या वतीने कंपनी हे ओझे उचलते. याच एका कारणासाठी तृतीय पक्ष विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. लसीकरणाने जसे शेजारच्या बाळाचेही रक्षण होते, तसा हा विमा रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असतो.

डॉक्टर मंडळींसाठी येथे दोन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात. कलम १३४ मध्येच असे म्हटले आहे की अपघातग्रस्ताला कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता तत्काळ उपचार देणे हे नोंदणीकृत डॉक्टरांचे कर्तव्य आहे. पैशांअभावी हे थांबू नये म्हणून मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. दुसरी गोष्ट आपल्या कागदपत्रांची. न्यायाधिकरणासमोर जखमीची बाजू मांडणारा मुख्य पुरावा म्हणजे आपले केसपेपर आणि अपंगत्वाचा दाखला. टक्केवारी लिहिताना ती एका अवयवाची की संपूर्ण शरीराची, आणि त्यामुळे त्या माणसाच्या रोजच्या कामावर काय परिणाम होतो, हे स्पष्ट लिहावे. मुलांच्या बाबतीत तर अधिकच काळजी घ्यावी, कारण मुलाला उत्पन्न नसते आणि डोक्याच्या इजेचे परिणाम शाळेत गेल्यावर उघड होतात. मेंदूला गंभीर इजा झालेल्या १२ वर्षांच्या एका मुलीला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ६२ लाखांहून अधिक भरपाई दिली, तेव्हा तिला जन्मभर लागणाऱ्या सेवेचा खर्च हिशेबात घेतला गेला. ती गरज वैद्यकीय नोंदींतून दिसली नसती, तर न्यायालयाने ती कशावरून मोजली असती?

जेव्हा छत्रच नाहीसे होते

हप्ता वाढण्याहून फार गंभीर असा एक प्रसंग असतो, आणि तो पालकांच्या संमतीने घडतो. ट्यूशनला उशीर होतो म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची, कधी सोसायटीच्या आवारात गाडीची किल्ली दिली जाते. मोटार आणि नेहमीची स्कूटर चालवायला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. परवाना नसलेल्या मुलाने अपघात केला, तर ओन डॅमेजचा दावा नाकारला जातो. तृतीय पक्षाला न्यायाधिकरण कंपनीकडून रक्कम देववू शकते, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानुसार कंपनीला ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा मिळू शकते. वर काढलेला ४७ लाखांचा आकडा अशा वेळी त्या घराच्या दारात येऊन उभा राहतो. याशिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

लक्षात ठेवण्याजोगे

बोनस गाडीचा नसून विमाधारकाचा असतो. गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून बोनसचे पत्र मागून घ्यावे आणि तो नव्या गाडीवर वापरावा. कंपनी बदलली तरी तो बरोबर येतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही, तर साठलेला बोनस जातो. केलेला दावा लपवून नव्या कंपनीकडून बोनस घेऊ नये. खोटे उघडकीस आले की नेमक्या गरजेच्या वेळी ओन डॅमेजचे संरक्षण नाकारले जाते. गाडी विकल्यावर विमा चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावावर होईल याकडे लक्ष द्यावे. विमाधारकाच्या निधनानंतर गाडी पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे राहिली, तर बोनस त्यांना मिळू शकतो. ही सोय अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते.

आणि शेवटी बालरोगतज्ज्ञ म्हणून एक विनंती. चौदा वर्षांखालील मूल गाडीत पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवणे हा कलम १९४ ब नुसार एक हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे. दंडाची भीती बाजूला ठेवू. पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसलेले बाळ अचानक ब्रेक लागताच तिच्या हातांतून निसटते. कितीही घट्ट धरले तरी ते हात तो वेग रोखू शकत नाहीत. बंपर बदलता येतो, बोनस पाच वर्षांत पुन्हा साठतो. बाळाला मागच्या आसनावर, त्याच्या वयाच्या बालआसनात बांधून बसवायला एक मिनिट लागते. तेवढे मिनिट प्रत्येक वेळी काढावे.